अंकांचा तक्ता दहावर थांबवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मातृभाषा दिनाच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत ‘महाराष्ट्रातील आदिवासी भाषांतले एक ते दहा’ असा अर्ध्या पानाचा तक्ता आला. मुंबईतल्या शाळांच्या व्हरांड्यांत फेब्रुवारीत आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, आदिवासी दिनाला, असेच तक्ते लागतात. त्यामागची आस्था खरी आहे आणि त्याबद्दल आपले आभार. पण या तक्त्यांची जी एक ठरीव घडण झाली आहे, तिच्यामुळे या भाषांचे मोजणे दिसण्याऐवजी झाकले जाते. ते कसे, हे उदाहरणांनिशी सांगण्यासाठी हे पत्र. पत्र लांबले आहे. जागेअभावी कापावे लागले तर कोरकू आणि कोलामीचा भाग तेवढा ठेवावा, ही विनंती.

तक्ता दहावर थांबतो, ही पहिली अडचण. दहा सुटे शब्द पाठ झाले म्हणजे मोजता आले असे नाही. दहाच्या पुढे ते शब्द कसे जोडायचे, कुठे नवा शब्द घ्यायचा आणि कुठे जुन्याचीच पट करायची, ही रीत म्हणजे मोजणी. ही सवय आपल्याला लागली कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश काळात जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातल्या भाषांचे मोठे सर्वेक्षण केले. त्याचा मुंडा आणि द्राविड भाषांचा चौथा खंड १९०६ साली निघाला. नॉर्वेचे अभ्यासक स्टेन कोनो यांनी तो सिद्ध केला होता. त्या सर्वेक्षणात प्रत्येक भाषेसाठी एकच ठरलेली शब्दयादी वापरली आणि तिची सुरुवातच अंकांनी होते: एक ते दहा, मग वीस, पन्नास आणि शंभर. एकूण तेरा नोंदी. शेकडो भाषांना पुरे पडायचे म्हणून यादी आखूड ठेवली, हे समजण्यासारखे आहे. पण तीस कसे म्हणतात, चाळीस कसे, एकोणीस कसे, हे त्या यादीत विचारलेलेच नाही. आपले आजचे तक्ते तर त्या तेरातले वीस, पन्नास आणि शंभरही गाळतात.

आता कोरकू पाहा. मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, आणि सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात ही भाषा बोलतात. २०११ च्या जनगणनेत देशभरात तिचे ७,२७,१३३ भाषक नोंदले गेले. भाषा मुंडा कुळातली, त्या कुळाचे पश्चिमेकडचे शेवटचे टोक. तिचे अंक असे: मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई, तुरुई, एई, इलार, आरेई, गेल. गावागणिक उच्चार थोडा सरकतो, बारीचे बारिया होते, एईचे येई ऐकू येते. आपल्या तक्त्यात हे दहा शब्द बहुतांशी बरोबर आले आहेत. खरी गंमत अकरापासून पुढे आहे.

अकरा म्हणजे गेल आणि मिया, दहा आणि एक. बारा म्हणजे गेल आणि बारी. एकोणीसपर्यंत असेच. वीसला मात्र स्वतंत्र शब्द आहे, ईसा. आणि इथून पुढची सगळी मोजणी विसांच्या पटीत चालते. तीस म्हणजे ईसा आणि गेल. चाळीस म्हणजे बारी ईसा, दोन वीस. पन्नास म्हणजे बारी ईसा आणि वर गेल. साठ म्हणजे आफई ईसा, ऐंशी म्हणजे उफुन ईसा, शंभर म्हणजे मोनोई ईसा, पाच वीस. अकरा-बारा शब्द आणि एक जोडणी, एवढ्या सामानावर शंभरापर्यंतचा कुठलाही आकडा तयार होतो. एकही अपवाद पाठ करावा लागत नाही. महाराष्ट्रात तेंदूपानांचा पुडा सत्तर पानांचा असतो. या मोजणीत सत्तर म्हणजे आफई ईसा आणि गेल: तीन विसांच्या चळती आणि एक दहाची. पाने रचताना मोजायला याहून सोयीची विभागणी कुठली?

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. आपल्याकडेही नग मोजायला ‘कोडी’ होतीच, वीस नगांची. फक्त आपल्या बोलण्यातून ती जवळजवळ गेली. कोरकूतही मोठ्या आकड्यांना हिंदी-मराठीचे शब्द आता सर्रास येतात, तरुणांच्या तोंडी तर फार. म्हणूनच ईसाची मोजणी जाणत्या माणसांकडून आज टिपून घेतली पाहिजे. दहावर थांबणारा तक्ता नेमकी तीच सोडून देतो.

याच अंकांत या भाषेची सोयरीकही दिसते. मुंडा कुळातल्याच संतालीत चारला पोन म्हणतात, सहाला तुरुई, दहाला गेल. मेळघाटापासून झारखंडातल्या संताल परगण्यापर्यंत हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, मध्ये हिंदी आणि गोंडीचा एवढा मोठा पट्टा आहे, तरी सहा आणि दहा जसेच्या तसे. मुंडा भाषा ज्या मोठ्या ऑस्ट्रो-आशियाई कुळाची शाखा आहेत, त्यात आणखी लांब जायचे तर कंबोडियाच्या ख्मेर भाषेतला चार म्हणजे बुअन आणि व्हिएतनामीतला बोन. उफुन, पोन, बुअन, बोन हे चार शब्द एका ओळीत छापले तर शाळेतली मुले स्वतःच बोट ठेवून सांगतील की ही भावंडे आहेत. आपल्या तक्त्यात मात्र कोरकूचा रकाना गोंडी आणि वारलीच्या मध्ये, कुळाचा उल्लेख न करता उभा आहे. वारली, काथोडी आणि ठाकूर यांच्या बोलींतले अंक मराठीच्याच घरातले आहेत. गोंडी, माडिया आणि कोलामी द्राविड. कोरकू मुंडा. या सगळ्यांना ‘आदिवासी भाषा’ अशा एका मथळ्याखाली सारखे रकाने दिले की त्या एकमेकींच्या बहिणी आहेत असा समज पक्का होतो. रकान्यांच्या डोक्यावर कुळाचे नाव घातले तरी हे टळेल. त्याला एका ओळीहून जास्त जागा लागत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. तक्ता असे धरून चालतो की ‘दोन’ला प्रत्येक भाषेत एकच शब्द असणार. हे मराठीतही खरे नाही. आपण ‘दोन खुर्च्या’ म्हणतो, पण माणसांना ‘दोघे’ आणि बायकांना ‘दोघी’. तीन, तिघे, तिघी. चार, चौघे, चौघी. पाचपासून हा भेद संपतो आणि आपण ‘पाच जण’ म्हणू लागतो. यवतमाळ आणि वर्ध्याकडच्या कोलामीत अगदी हीच घडण अंकाच्या मुळातच आहे. दोन वस्तू असतील तर इंदिंग, दोन पुरुष असतील तर इद्दर, दोन बायका असतील तर ईराल. तीनसाठी मूंदिंग, मुग्गुर, मूयाल. तक्त्यात कोलामीचे इंदिंग आणि मूंदिंग एवढेच छापले आहे. म्हणजे तो तक्ता वाचून कोणी कोलामी घरात जाऊन भावांची संख्या सांगू लागला, तर तो भावांना भांड्यांसारखे मोजील. मराठी माणूस ‘माझे दोन भाऊ’ असे म्हणून वेळ निभावून नेतो, पण ‘आम्ही दोन आलो’ असे आपल्यालाही चालत नाही, ‘आम्ही दोघे आलो’ असेच म्हणावे लागते. दोघे-दोघी ज्यांच्या तोंडात आहे त्यांना कोलामीचे तीन रकाने समजावून सांगावे लागत नाहीत, नुसते छापले तरी पुरे.

कोरकूत हा भेद वेगळ्या जागी बसला आहे. तिथे नामालाच द्विवचन आहे. कोरो म्हणजे माणूस, कोरोकिञ् म्हणजे दोन माणसे, कोरोकू म्हणजे अनेक माणसे. समाजाचे आणि भाषेचे कोरकू हे नाव याच अनेकवचनातून आले. ‘रामः रामौ रामाः’ ज्यांनी शाळेत घोकले त्यांना हे ओळखीचे वाटेल. संस्कृतातले जे द्विवचन मराठीत उरले नाही, ते मेळघाटात रोज बोलले जाते. पण ते सजीवांपुरते. कुत्र्यांची जोडी द्विवचनात जाते, दगडांची जात नाही. त्यामुळे कोरकूतला दोन समजायचा तर सुटा ‘बारी’ पुरत नाही. दोन माणसे, दोन कुत्री आणि दोन दगड अशी निदान तीन उदाहरणे शेजारी शेजारी हवीत.

तिसरी भाषा निहाली. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्याच्या परिसरात दोन-अडीच हजार लोक ती बोलतात. बोलणारे तिला कल्टो म्हणतात. जगातल्या कुठल्याही ज्ञात कुळात तिला बसवता आलेले नाही. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे जनगणनेत वेगळे छापत नाहीत, त्यामुळे सरकारी कोष्टकात ती शोधूनही सापडणार नाही. आपल्या तक्त्यात तिला जागा मिळाली, हे मोलाचे आहे. पण तिच्या रकान्याखाली ‘अनेक शब्द अपभ्रष्ट’ अशी टीप आहे. ती टीप आम्हाला लागली, आणि निहाली बोलणाऱ्या कोणी वाचली असेल तर त्यांना जास्त लागली असेल.

निहालीचे अंक असे आहेत: एक म्हणजे बिडुम, दोन इरार, तीन मोठो, चार नालो. पाचपासून पुढे हिंदी आणि मराठीकडून आलेले शब्द. बिडुम हा भाषेचा स्वतःचा. इरार, मोठो आणि नालो हे द्राविड भाषांकडून आलेले. कन्नडातले एरडु, मूरु, नाल्कु आठवा, नाते लगेच दिसते. मग त्यावर आर्यभाषांचा थर. दहा शब्दांत तीन थर आहेत. या लोकांचा कोणाशी, किती जवळून व्यवहार झाला, याचा लेखी पुरावा कुठेही नाही. या दहा शब्दांत मात्र तो क्रमाने ठेवलेला आहे. उसना शब्द अपभ्रष्ट नसतो. आपण ‘डझन’ म्हणतो तेव्हा मराठी भ्रष्ट झाली असे कोणी म्हणत नाही. यातून एक वाईट सवयही निघते. तक्ता ‘शुद्ध’ दिसावा म्हणून निहालीचे पाच ते दहा काढून तिथे कोरकूचे शब्द घालण्याचा मोह होतो, कारण शेजार कोरकूचा आहे. असे केले की जे कोणी कधी बोललेच नाही ते छापील होते, आणि पुढचा तक्ता करणारा त्याचीच नक्कल करतो.

अशा नोंदी गोळा कशा कराव्यात, हेही थोडे सांगतो. मुंबईतून दोन दिवसांसाठी जाणारे विद्यार्थी आणि संस्थांचे कार्यकर्ते बहुधा एकच प्रश्न विचारतात: “तुमच्या भाषेत एक, दोन, तीन म्हणून दाखवा.” समोरचा माणूस एका दमात म्हणून दाखवतो. यात दोन गोष्टी बिघडतात. सलग म्हणताना शब्दांच्या कडा एकमेकांत मिसळतात. कोरकूतले एई आणि इलार लागोपाठ आले की सीमा कुठे, ते ऐकणाऱ्याला कळत नाही आणि सातचा शेवट आठला चिकटवून लिहिला जातो. दुसरे म्हणजे मराठी शब्द उच्चारून विचारले की मराठी शब्दच परत येण्याची शक्यता वाढते, विशेषतः पाचाच्या पुढे. म्हणून वस्तू पुढे ठेवावी. मोहाची फुले, चिंचोके, काड्या, जे गावात असेल ते. आधी सुलट मोजून घ्यावे, मग उलट, मग मधलाच ढीग दाखवून “हे किती?” विचारावे. तिन्ही वेळा आलेला शब्द एक असेल तरच तो पक्का धरावा. त्यानंतर माणसे, जनावरे, दिवस आणि पैसे मोजून घ्यावेत, कारण शब्द बदलतात ते इथे.

दहाच्या पुढे सगळे आकडे विचारायची गरज नाही. ११, १९, २०, २१, ३०, ३९, ४०, ५०, ५९, ६०, ८०, ९९, १००, २०० आणि ४०० एवढे विचारले तरी सांगाडा उभा राहतो. ३० आणि ५० मुळे मोजणी दहाची की विसाची, ते उघड होते. १९, ३९ आणि ५९ हे आपल्या एकोणीस-एकोणचाळीससारखे ‘एक उणे’ करून बनतात की बेरजेने, ते कळते. ४०० म्हणजे वीस वेळा वीस. त्याला वेगळा शब्द आहे का, हे कोणीच विचारत नाही. मग अर्धा, पाव, दीड हे भाकरी हातात घेऊन विचारावे. पहिला-दुसरा, एकदा-दोनदा, एकेक-दोन-दोन हेही. आणि बोटांवर कसे मोजतात याचे चित्रण जरूर करावे: अंगठा कुठल्या पेरावर ठेवतात, सुरुवात करंगळीपासून की तर्जनीपासून, मूठ मिटत नेतात की उघडत नेतात. कागदावर हे उतरत नाही. प्रत्येक नोंदीपुढे गाव, बोलणाऱ्याचे अंदाजे वय आणि नोंदीची तारीख असावी. माणसाचे नाव छापायचे तर त्याला विचारून.

लिपीचा प्रश्न राहिला. देवनागरीत लिहिले म्हणजे उच्चार आपोआप बरोबर वाचला जातो, या समजुतीत आपण सगळे वाढलो. मराठीतच ‘चार’मधला च आणि ‘पाच’मधला च वेगळे आहेत, लागोपाठच्या दोन अंकांत. आपल्याला ते जन्मापासून माहीत असते म्हणून चालते. निहालीच्या रकान्यात पाचाचा शब्द च घालून लिहिला तर वाचणाऱ्याने तो कसा म्हणायचा? तसेच फ. मुंबईत आपण फळ आणि फूल म्हणतानाही ओठ दाताला लावतो. कोरकूच्या आफई आणि उफुनमधला फ दोन्ही ओठ मिटून काढायचा, प आणि ह एकत्र. तक्त्याखाली अशा दोन-तीन सूचना दिल्या तर निम्म्या चुका टळतील. आजकाल वर्तमानपत्राच्या पानावर क्यूआर कोड छापता येतो. तिथे बोलणाऱ्याच्या आवाजातले अंक ठेवले तर उरलेल्याही टळतील.

हे सगळे शाळेसाठी का महत्त्वाचे आहे, तेही सांगायला हवे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीससाठी ‘वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा आपल्याकडे केवढा वाद झाला. त्या वादात मराठी घरातल्या मुलाला काय जड जाते यावर पुष्कळ लिहिले गेले. कोरकू घरातून आलेल्या मुलापुढे अडचण दुहेरी असते. त्याच्या घरच्या मोजणीत एकोणचाळीस म्हणजे ईसा, गेल आणि आरेई, सरळ बेरीज. शाळेत ऐकू येतो तो शब्द ‘एक’ने सुरू होतो, ‘चाळीस’ने संपतो आणि त्याचा अर्थ दोन्ही नसतो. लिहिताना आणखी एक खाच आहे. सत्तावन्न म्हणजे विसांच्या मोजणीत बारी ईसा, गेल, एई: दोन वीस आणि सतरा. ऐकल्याबरहुकूम अंक मांडले तर २१७ होतात. ही चूक बुद्धीची नाही, दोन पद्धतींच्या सांध्यावरची आहे, आणि सांधा दाखवला की जाते.

तो दाखवायला महागडे साहित्य लागत नाही. वीस रुपयांची नोट म्हणजे ईसा आणि दहाची नोट म्हणजे गेल. सत्तावन्न रुपये मांडायचे: दोन विसाच्या नोटा, एक दहाची, सात सुटे. आता प्रत्येक विसाच्या नोटेचे दहा-दहाचे सुटे करून घ्यायचे. पाच दहाच्या नोटा आणि सात रुपये झाले. पाच आणि सात, ५७. मूल घरचा शब्द सोडत नाही आणि फळ्यावरचा आकडाही त्याला कळतो. नोटा नसतील तर वीस काड्यांचे गठ्ठे, पण गठ्ठा बांधताना आत दहा-दहाच्या दोन जुड्या आधी बांधून मग एकत्र बांधाव्यात. नाहीतर सोडताना वीस सुट्या काड्या हातात येतात आणि मधली पायरीच हरवते.

पुढच्या वर्षी असा तक्ता छापणार असाल तर भाषा कमी घ्या, तीनच घ्या, पण प्रत्येकीला पाव पान द्या. कोरकूचे शंभरापर्यंतचे विसांचे टप्पे छापा. कोलामीला दोन आणि तीनसाठी वस्तू, पुरुष, बायका असे तीन रकाने द्या. निहालीच्या शब्दांपुढे ते कुठून आले ते लिहा आणि अपभ्रष्ट हा शब्द काढून टाका. छपाईला जाण्यापूर्वी प्रत्येक रकाना त्या भाषेच्या निदान दोन बोलणाऱ्यांना, दोन वेगळ्या गावांतल्या, फोनवर वाचून दाखवा आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या. त्यांना त्या कामाचे मानधन द्या. तपासणीच्या कामात आमची मदत लागली तर आम्ही तयार आहोत.

आपले,
आदिवासी भाषांच्या नोंदींचे काम करणारे काही अभ्यासक,
सांताक्रूझ, मुंबई